किराण्याचा आकडा दर महिन्याला का मोडतो?

पैशांवरून घरात कुरबूर होते असे सांगत जोडपी माझ्याकडे सल्ला घ्यायला येतात, तेव्हा घराचा हप्ता किंवा मुलांची फी हे कारण असेल असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात वाद बहुतेक वेळा महिन्याच्या वाणसामानावरून पेटलेला असतो. हप्ता ठरलेला असतो, त्यावर कोणी कोणाला बोल लावू शकत नाही. किराण्याचे तसे नाही. तेथे रोज काहीतरी आणले जाते आणि ते आणणारी व्यक्ती डोळ्यांसमोर असते. "ठरवलेल्या रकमेत किराणा बसतच नाही, काय करावे?" या नेहमीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नाशिकच्या एका कुटुंबाची हकीकत येथे देत आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

2024 ची दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरअखेरीस, हे पती-पत्नी भेटायला आले. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, बाई घरीच शिकवण्या घेणाऱ्या, घरात सासूबाई, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. किराण्यासाठी महिन्याला 9,000 रुपये ठरले होते आणि खर्च सरासरी 13,000 च्या घरात जात होता. "यादी करून जा म्हणून हिला दर महिन्याला सांगतो. यादी होते, पण आकडा काही पाळला जात नाही," असे यजमान म्हणाले. बाईंनी पर्समधून टाचणी लावलेला बिलांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि त्या गप्प बसल्या.

अशा वेळी आधी दोघांशी स्वतंत्रपणे बोलावे लागते. घरखर्चाला मुद्दाम अपुरे पैसे देणे आणि मग रुपयारुपयाचा जाब विचारणे हा प्रकार काही घरांत असतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात त्याची आर्थिक छळ म्हणून दखल घेतलेली आहे, आणि तेथे अंदाजपत्रकाची वही हा उपाय होऊच शकत नाही. येथे तसे नव्हते. मात्र बाईंनी एक गोष्ट सांगितली. वरचे पैसे त्या शिकवण्यांच्या फीमधून आणि भिशीतून भरत होत्या आणि काही बिले यजमानांना दाखवतच नव्हत्या. "हिशेब द्यायचा म्हटलं की परीक्षेला बसल्यासारखं होतं," हे त्यांचे शब्द होते.

मला उत्सुकता होती ती 9,000 या आकड्याची. तो आला कोठून? बऱ्याच चौकशीनंतर यजमानांनी सांगितले की तीन वर्षांपूर्वी घराचा हप्ता सुरू झाला तेव्हा कंपनीतल्या एका सहकाऱ्याने "आमचे आठ हजारांत भागते" असे म्हटले होते, त्यात त्यांनी स्वतः एक हजार वाढवले. सहकाऱ्याच्या घरी माणसे तीन, आणि गहू, बाजरी, हरभरा सिन्नरजवळच्या घरच्या शेतातून येतो, ही बाब त्या वेळी कोणी विचारात घेतली नव्हती. महाराष्ट्रातल्या शहरांत अशी तुलना सर्रास होते. ज्याला गावाकडून धान्य येते त्याचा किराणा आणि ज्याला शेंगदाण्यापासून सगळे विकत आणावे लागते त्याचा किराणा हे दोन वेगळे खर्च आहेत, आणि एकाची रक्कम दुसऱ्याच्या घरात लागू करणे हेच माझ्या मते या भांडणांचे सर्वांत मोठे मूळ आहे. शिवाय तीन वर्षांत आकडा हलला नव्हता, भाव हलले होते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवले आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर तेल महागले. चकल्या तळणाऱ्या बाईंना त्याबद्दल घरात बोलणी खावी लागली होती.

पहिल्या महिन्यापुरते एकच काम दिले: एक रुपयाही कमी करायचा नाही, फक्त लिहायचे, आणि जो आणेल त्याने स्वतः लिहायचे. वही फ्रिजवर ठेवली गेली. तिच्यात सासूबाईंच्या वळणदार अक्षरात "कापूर, वाती, शिंगाड्याचे पीठ पाव किलो" अशा ओळी आल्या. ही खरेदी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या खात्यावर होत असे आणि महिनाअखेर ती रक्कम बाईंच्या माथी येई. यजमानांना मात्र पहिले दहा दिवस लिहिण्यासारखे काही सापडले नाही. मग मोबाइलवरच्या यूपीआय व्यवहारांची यादी उघडायला सांगितली, तेव्हा रात्री साडेनऊनंतर घरपोच मागवलेले ब्रेड, वेफर्स, आइस्क्रीम, शीतपेये आणि घरपोच मोफत मिळावे म्हणून रक्कम पुरी करण्यासाठी टाकलेली बिस्किटे बाहेर आली. त्यातला बराचसा भाग त्यांचा आणि मुलीचा होता. आजवर तो त्यांच्या लेखी किराणा नव्हताच.

जुनी बिले आणि ही वही समोर ठेवून 13,000 ची फोड केली. महिन्याच्या यादीचे सामान 8,200, मोबाइलवरून मागवलेले 2,300, कोपऱ्यावरच्या दुकानातले 1,000 आणि राहिलेले 1,500 म्हणजे वर्षातून एकदाच होणाऱ्या खरेदीचा मासिक हिस्सा. म्हणजे ज्या यादीवरून तीन वर्षे वाद चालला होता, ती यादी ठरलेल्या रकमेच्या आतच होती. हे ऐकल्यावर यजमान थोडे ओशाळले, पण वाद घालायचा म्हणून "मग एप्रिलमध्ये वीस हजार कसे झाले?" असे त्यांनी विचारलेच.

प्रश्न योग्य होता. एप्रिलमध्ये वर्षाचा दोन क्विंटल गहू घेतला जातो, साधारण 7,500 रुपयांचा. त्याच सुमारास मिरची, हळद, धने आणि मसाल्याचे बाकीचे सामान मिळून 2,500. गौरी-गणपतीचे 2,000 आणि दिवाळीच्या फराळाचे 6,000 धरले की वर्षाला 18,000 होतात. गहू एप्रिलमध्ये येणार आणि दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हे सर्वांना ठाऊक असते, तरीही ती रक्कम त्या त्या महिन्याच्या बोकांडी बसते आणि मग "या महिन्यात जमले नाही" असे म्हणत पुढचा महिनाही सैल सोडला जातो. म्हणून हे 1,500 रुपये पगार झाल्याबरोबर वेगळ्या बचत खात्यात टाकायचे ठरले.

उरलेल्या खर्चासाठी नवी रक्कम 10,000 धरली. वेगळे ठेवलेले 1,500 मिळून ती 11,500 होते, म्हणजे जुन्या आकड्यापेक्षा अडीच हजारांनी जास्त. यजमानांना हे पचायला वेळ लागला. पण प्रत्यक्ष खर्चापेक्षा ती दीड हजारांनी कमीच होती, आणि ही कपात डाळ-तेलातून नव्हे, तर रात्रीच्या मागणीतून व्हायची होती. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणातही शहरी कुटुंबांच्या अन्नखर्चात धान्य, डाळी किंवा दूध यांपेक्षा पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा मोठा दिसतो, तेव्हा हे घर काही जगावेगळे नव्हते. पाच तारखेनंतर 6,800 रुपयांत कोरडे सामान एकदाच भरायचे. राहिलेले 3,200 आठवड्याला 800 प्रमाणे वापरायचे, आणि मोबाइलवरची मागणी व वाण्याचे खाते दोन्ही या 800 मध्येच बसवायची. आठवडा संपण्याआधी 800 संपले तर रविवारपर्यंत थांबायचे. मुलीला पाकिटावर छापलेली दर ग्रॅमची किंमत पाहण्याचे काम दिले, आणि मोठे पाकीट प्रत्येक वेळी स्वस्त असतेच असे नाही, हे तिने पहिल्याच खरेदीत आजीला दाखवून दिले.

आकडा तंतोतंत पाळला गेला असे झाले नाही. जानेवारीत 10,400, फेब्रुवारीत 9,700, मार्चमध्ये नणंद मुलांसह राहायला आल्यामुळे 11,200. मार्चचा आकडा पाहून बाई घाबरल्या होत्या. पाहुण्यांचे कारण वहीत लिहा आणि एप्रिलची रक्कम त्यासाठी कापू नका, एवढेच मी सुचवले. कमी-जास्त होणारच. ते लपवावे लागत नाही ना, हे मी पाहते.

खरी अडचण एप्रिलमध्ये आली. डिसेंबरपासून पाच हप्ते जमून वेगळ्या खात्यात 7,500 झाले होते आणि गहू व मसाल्याला 10,000 हवे होते. पहिल्या वर्षी असा खड्डा पडतोच, कारण साठवणीला पूर्ण बारा महिने मिळालेले नसतात. त्या महिन्यात बाईंची भिशी लागली होती. 2,500 रुपये त्यांनी त्यातून दिले, यजमानांच्या समोर. "घरचेच पैसे आहेत, लिहायचे कशाला?" असे यजमान म्हणाले, पण बाईंनी वहीत "माझ्याकडून उसने 2,500, दिवाळीनंतर नोव्हेंबरमध्ये परत" अशी नोंद केली आणि त्या नोंदीपुढे यजमानांची सही घेतली.