तोंडओळख : ‘नुसती मिश्री’ आणि ‘नुसती सुपारी’

(तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरबाई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. लहानपणापासून मिश्री लावतात. ‘मी काय तंबाखू खाते का?’ असं वर ऐकवतात. लावली नाही तर पोट साफ होत नाही, दाढ ठणकते म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. आता या वयात सोडून काही फायदा आहे का? – एक सून, पाटण तालुका

उत्तर : आधी चट्टा, मग मिश्री. चूळ भरायला सांगून तो चट्टा ओल्या कापडाने हलकेच पुसून बघा. पुसून जात नसेल तर याच आठवड्यात दाखवा. घाबरून जाऊ नका, असे बहुतेक चट्टे कॅन्सरपर्यंत पोचत नाहीत. पण कुठला पोचेल हे नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येत नाही. चट्ट्यात लाल भाग असेल, हाताला कडक लागत असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर एक दिवसही थांबू नका. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत करायची, असा कार्यक्रमच आहे. बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणीही त्यातच येते. तुमच्या आशाताईंना विचारा. सासूबाईंबरोबर तुम्हीही जा.

आता मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. घरभर ठसका उठतो आणि तरी ती तंबाखू नाही! भाजल्यावर त्यातला विखार जळून जातो, असं कितीतरी बायका मला खुर्चीत बसून समजावतात. जळून गेला असता तर तलफ कशाची आली असती? निकोटिन राहतंच, तंबाखूतली कॅन्सरकारक द्रव्यंही राहतात, आणि भाजताना धुरातल्यासारखी आणखी काही तयार होतात. ते सगळं हिरडीला चोळून, गालाशी दाबून ठेवायचं. चट्टा नेमका तिथेच येतो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले बिडी-सिगारेट ओढणारे ४ टक्क्यांच्याही आत निघाले आणि न ओढता तंबाखू घेणारे २४ टक्क्यांवर. आपलं दुखणं धुराचं कमी आणि गालफडाचं जास्त आहे. मिश्रीला तर व्यसन म्हणायचीही पद्धत नाही, सकाळी आंघोळीच्या आधीचं ते एक काम असतं.

पोटाचं त्या खोटं सांगत नाहीत. निकोटिनने आतडी हलतात, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस कुंथावं लागतं. उठल्या उठल्या कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, आणि तरीही अडलं तर डॉक्टरांकडून साधं औषध घ्यावं. दाढ मात्र आधी माझ्यासारख्या कुणाकडून नीट करून घ्या. कीड तशीच ठेवून वर मिश्री चोळली की ठणका दबतो, कीड आत चालूच राहते. दाढ थांबली की अर्धी सबब गेली.

पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल. दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. डबी लपवू नका, शेजारणीकडून मागून लावतील. त्यापेक्षा दुपारची जेवणानंतरची आधी बंद करायला लावा, मग एक दिवस ठरवून सकाळची. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे. आणि हो, ६२ व्या वर्षीही फायदा आहे. लावत राहण्यापेक्षा सोडलेलं केव्हाही बरं, कॅन्सरकारक द्रव्यं गालाशी रोज लागायची तरी थांबतात. घरात नातवंडं असतील तर त्यांच्या दुखऱ्या दाताला ‘जराशी’ लावण्याचा उद्योग तेवढा आजच थांबवा.

प्रश्न : वय २४. गुटखा सोडला, आता नुसती सुपारी खातो, तंबाखू अजिबात नाही. पण हल्ली मिसळ झोंबते आणि पाणीपुरी तोंडात जात नाही. – एक वाचक, कराड

उत्तर : तुला अरेतुरेच करते, रागावू नकोस. गुटखा सोडलास ते छान केलंस, पण सुपारीत फसलास. तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तेव्हा टपऱ्यांवर पानमसाला आणि तंबाखूच्या वेगळ्या पुड्या लटकल्या. मावा आहे, विदर्भात खर्रा आहे. सगळ्यांत सुपारी भरपूर.

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवून उभी तोंडात घाल, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये. तिन्ही जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय. सुपारीने गालाच्या आतलं कातडं चिवट, पांढरट होतं, आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. तिखट झोंबणं ही त्याची सुरुवात. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून काहींना कॅन्सर होतो. तोंड पूर्वीसारखं पूर्ण उघडेल असं वचन मी देत नाही. सुपारी आज बंद केलीस तर पुढचं आखडणं बहुधा थांबेल, आणि व्यायाम, औषधं यांनी थोडं मोकळं होईल. गोड, भाजकी, सुवासिक, केशरवाली, कुठलीच नको. जेवणानंतर बडीशेप खा.

प्रश्न : आमचे चुलते ८० वर्षं जगले, मरेपर्यंत तंबाखू मळत होते. मग हे सगळं कशाला? – एक वाचक, वाई

उत्तर : चुलत्यांना नमस्कार. त्यांच्या पारावरचे बाकीचे मळणारे किती वर्षं जगले, तेही एकदा मोजा.

प्रश्न : जिभेच्या कडेला फोड आहे, दीड महिना झाला. डॉक्टर तुकडा तपासायला काढू म्हणतात. नातेवाईक म्हणतात, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो. – एक वाचक, कोरेगाव

उत्तर : तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. नातेवाईकांनी पाहिलेलं खरं असेल, पण पेशंट आधी चार-सहा महिने घालवून येतो, तोवर गाठ वाढलेली असते, आणि दोष शेवटच्या सुईवर जातो. दीड महिना फार झाला. काही वेळा दाताची धारदार कडा घासूनही जिभेवर फोड येतो. तसं असेल तर कडा घासून दिल्यावर तो दोन आठवड्यांत भरतो. न भरल्यास तुकडा काढायचाच. जागा बधिर करून करतात, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आणि रिपोर्ट हातात आला की त्याची एक प्रत घरी ठेवा.