आम्ही हिंदू आहोत. बांद्र्याच्या माउंट मेरीला नवस बोललेला चालतो का, आणि जत्रेत तो फेडतात कसा?

चालतो. माझा डावा पाय गेली चाळीस वर्षं त्याच नवसावर चालतोय.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सासरे म्हणतात, 'आपल्याला देव कमी पडले का?' हे वाक्य मी लालबागच्या चाळीत जसंच्या तसं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर जत्रेची माहिती तुम्हाला कोणीही देईल.

१९८४ च्या गोविंद्यात मी वरच्या थरावरून पडलो. वय नऊ. नडगीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर झालं, दीड महिन्याने काढलं तर पाय वाकडा. पुन्हा मोडून पुन्हा बसवला. गिरणी संपात बाबांची नोकरी गेली होती, ते रात्री कुठेतरी वॉचमन म्हणून जायचे, घरात पैशांची बोंब. खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या, दर बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेला, जायच्या. त्यांनी आईला सांगितलं, मोतमाउलीला बोल. माउंट मेरीला, म्हणजे बांद्र्याच्या डोंगरावरच्या चर्चमधल्या मेरीला, आमच्याकडे हेच नाव. कोळ्यांचं आहे ते. मोत म्हणजे मोती, की पोर्तुगीज 'मोंत' म्हणजे डोंगर, यावर लोक अजून भांडतात. आई बोलली : पोर धड चालू दे, माहीमपासून अनवाणी येईन आणि मेणाचा पाय वाहीन.

१९८५ ला ८ सप्टेंबरलाच रविवार होता, म्हणजे मेरीमाउलीचा जन्मदिवस आणि जत्रेचा पहिला दिवस एकच. माहीमला बसमधून उतरलो. आईने चपला पिशवीत टाकल्या आणि आम्ही कॉजवेवरून निघालो. (तो कॉजवेही एका पारशी बाईच्या पैशातून झालेला, लेडी जमशेटजींच्या, १८४५ साली. हे मोठ्या काकांना, ते पुढे येतीलच, कधी सांगितलं नाही, तेवढी उसंतच मिळाली नाही.) हिल रोडला पोचेपर्यंत माझा पाय ठणकायला लागला होता, पण बोलायची सोय नव्हती. डोंगरावर चढताना दोन्ही बाजूंना मेणाचे हात, पाय, डोळे, घरं, तान्ही बाळं. आईने घासाघीस करून एक पाय घेतला, गुडघ्यापर्यंतचा, पिवळट, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो मी काखेत धरला. रेटारेटीत कोणाचं तरी कोपर बसलं आणि अंगठा तुटला.

आईचा चेहरा बघवत नव्हता. मोडका पाय देवाला कसा वाहायचा, आणि दुसरा घ्यायला पैसे नाहीत. एका मेणबत्त्यावाल्या म्हातारीने ते पाहिलं. तिने पाय मागून घेतला, पेटत्या मेणबत्तीवर तुटकी जागा धरली, मेण ओघळायला लागल्यावर अंगठा चिकटवला, फुंकर मारली आणि थुंकी लावून बोटाने सांधा गुळगुळीत केला. म्हणाली, 'घे बाय, प्लास्टर केला.' आई हसली. वर्षभरात तिला तशी हसताना मी पाहिली नव्हती.

येताना खाजं आणि चणे आणले. आईने ताटल्या भरून मजल्यावरच्या सगळ्या घरांत पाठवल्या. मोठ्या काकांकडून ताटली भरलेलीच परत आली. सोबत निरोप, तुमच्या सासऱ्यांचाच : 'आपल्याला देव कमी पडले का?'

त्यानंतर काकांचं पालुपद ठरलेलं. चिमाजीअप्पांनी १७३९ ला पोर्तुगीजांकडून वसई घेतली ती काय तू तिथे जाऊन हात जोडावेस म्हणून? आई गप्प बसायची. मला उत्तर सुचायला नववी उजाडली. काका दर श्रावणात भीमाशंकरला जायचे. तिथली ती मोठी घंटा वसईच्या मोहिमेतून आलेली, चर्चची. नाशिकच्या नारोशंकराची घंटाही पोर्तुगीजच. मी भर गणपतीत, सगळ्यांसमोर विचारलं, 'काका, चर्चची घंटा वाजवून आलेलं चालतं आणि आईचे चणे चालत नाहीत?' बाबांनी माझ्या कानाखाली काढली. काका काही बोलले नाहीत. मुद्दा मात्र मी आजही सोडलेला नाही. वसईच्या त्याच धामधुमीत बांद्र्याच्या डोंगरावरचं जुनं चर्च पडलं. मेरीची मूर्ती खाली सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये ठेवली होती, ती १७६१ ला परत वर गेली. कोळी सांगतात की ती समुद्रात सापडली, आणि सापडली तीही कोळ्यालाच. मग ती परकी कोणाची?

असो, तुमचं राहिलंच. जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी लागते (८ लाच रविवार असला तर त्याच दिवशी) आणि पुढच्या रविवारपर्यंत चालते. रविवारी जाऊ नका, मधल्या वारी सकाळी लवकर जा. गाडी नेऊ नका, बांद्रा स्टेशनवरून बेस्टच्या जादा बस असतात. ज्यासाठी नवस त्या आकाराचं मेण वाटेतच मिळतं, हल्ली विमान आणि लॅपटॉपसुद्धा. फेडायला मंत्र नाही, विधी नाही, आत जाऊन वाहायचं, हात जोडायचे. चपला काढायची सक्ती नसते, आपल्याकडचे काढतात. मराठीतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असते, थांबलात तर कोणी हटकणार नाही. पण शेवटी लोक रांगेने जाऊन जी पांढरी चकती घेतात ती प्रसाद समजून घेऊ नका, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी हात पुढे केला होता, मी मागून पदर ओढला.

आणि हो, पाय डॉक्टरांनीच बसवला, दुसऱ्या खेपेला. तुम्ही कशासाठी बोलताय ते लिहिलेलं नाही, पण औषध चालू असेल तर ते बंद करू नका.

सासऱ्यांना आधी विचारू नका, जाऊन या. आल्यावर चणे मात्र त्यांच्या हातात तुम्ही स्वतः द्या, पोराबरोबर पाठवू नका. माझ्या आईचं तिथेच चुकलं असं मला वाटतं. बायकोला हे पटत नाही, ती म्हणते चूक काकांचीच.

ती स्टीलची ताटली अजून घरात आहे, काठावर आईचं नाव कोरलेलं. काका जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा मुलगा आता डोंबिवलीला असतो. यंदा जत्रेहून येताना त्याच ताटलीत खाजं भरून त्याच्याकडे जावं असं मनात आहे. बायको म्हणते, ताटली नको, डब्यात ने.