बससाठी वेगळी लेन ठेवली तर लोक खरंच बसने जातात का, की नुसती कोंडी वाढते?

दोन्ही होतं, पण एकाच वेळी नाही. कोंडी पहिल्या दिवसापासून दिसते. लोक बसकडे वळायला वेळ लागतो. तेवढा धीर कुणी धरत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

पुण्याचंच सांगतो. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेनची व्यवस्था, इथे 2006 च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू झाली. पुढे 2015 मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि सांगवी फाटा-किवळे, नंतर नगर रस्ता. या नव्या मार्गांवर थांबे रस्त्याच्या मधोमध, फलाट बसच्या तळाच्या उंचीचे, दार उजव्या बाजूला. गुडघे दुखणाऱ्या आजी दांडा न धरता सरळ आत पाऊल टाकतात, हे बघितलं की या खर्चाचं चीज झालं असं वाटतं. तरी नगर रस्त्यावरची लेन 2023 मध्ये काढायला सुरुवात झाली.

कोंडीत अडकलेल्याला शेजारची लेन रिकामी दिसते आणि तो चिडतो. पण हिशेब करा. दर मिनिटाला एक बस, आत पन्नास माणसं, म्हणजे तासाला 3000. सिग्नल असलेल्या रस्त्यावर मोटारींच्या एका लेनमधून तासाला साधारण 800-900 गाड्या जातात, आणि बहुतेकींत एकटा चालक. रिकामी दिसणारी लेनच जास्त माणसं नेते.

मग एक दुचाकीवाला लेनमध्ये शिरतो. त्याला कुणी अडवलं नाही की मागून रांग लागते. वाहतूक वॉर्डन लेनच्या तोंडाशी उभा असेपर्यंत शिस्त राहते, तो हलला की संपली. बस दुचाक्यांच्या मागे रखडते, चौकात लेन संपते तिथे सगळ्यांबरोबर लाल दिव्यावर थांबते. बस येताना दिसल्यावर हिरवा दिवा थोडा लांबवला तरी मोठा फरक पडेल. नाहीतर लेनमध्ये कमावलेली मिनिटं चौकातच जातात. प्रवासी हे बरोबर ओळखतो. त्याला वेगापेक्षा भरवसा हवा असतो: पुढची बस कधी येईल आणि मी कामावर वेळेत पोचेन का. तो भरवसा गेला की तो हप्त्यावर स्कूटर घेतो, आणि एकदा घेतली की परत फिरत नाही.

म्हणून तुमच्या शहरात लेन होणार असेल तर आधी बस किती वाढणार ते विचारा. दहा मिनिटांनी एक बस म्हणजे तासाला फक्त 300 माणसं. तेवढ्यासाठी रस्ता अडवायला माझाही विरोध असेल.