'मर्फी रेडिओ'मधलं मर्फी हे आडनाव आयरिश आहे का? त्याचा अर्थ काय?

हो, आयरिशच. रेडिओ कंपनी १९२९ साली इंग्लंडमध्ये निघाली, पण संस्थापक फ्रँक मर्फी यांचं आडनाव मूळचं आयर्लंडचं. तिथलं ते सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे.

इंटरनेटवर अर्थ 'समुद्रावरचा योद्धा' असा सापडेल. तो आडनावाचा अर्थ नव्हे, मूळ पुरुषाच्या नावाचा. 'मुइर' म्हणजे समुद्र, 'काह' म्हणजे लढाई. दोन्ही मिळून जुन्या आयरिशमध्ये 'मुरखद' (मूर्खाशी संबंध नाही). आडनाव आजच्या आयरिशमध्ये 'ओ मुरखू'. यातला 'ओ' म्हणजे नातू, वंशज. म्हणजे आडनावाचा अर्थ एवढाच: मुरखदचा वंशज. 'ख' मात्र घशातून काढायचा, उर्दू 'ख़बर'मधल्यासारखा. हा आवाज इंग्रजीत नाही, त्यामुळे लिहिताना त्याची नाना रूपं झाली. वेक्सफर्डच्या एका घराण्याचं 'ओमोरको' राहिलं, बाकीच्यांचं 'मर्फी' झालं.

बाईचं आडनाव वेगळं होतं. मुलगी 'नी वुरखू', लग्नानंतर नवऱ्याकडून 'ई वुरखू'. 'नी' आणि 'ई'नंतर 'म'चा 'व' होतो, म्हणून आयरिश कागदांत एकाच घरातली तीन आडनावं दिसतात आणि लोक गोंधळतात.

सगळे मर्फी एका कुळाचे मात्र नाहीत. मुरखद हे नाव अनेकांचं होतं, म्हणून वेक्सफर्ड आणि कॉर्क इथली घराणी स्वतंत्र. उत्तरेतल्या टिरोनमधल्यांना तर 'ओ' नव्हे, 'मॅक' (मुलगा) होता. इंग्रजी अमलात हे उपसर्ग बऱ्याच घराण्यांनी टाकले. त्यामुळे आज कुणा मर्फीला अंदाजाने 'ओ' जोडू नये. दुकानातली 'मर्फी कुळाची' राजचिन्हंही विकत घेऊ नका; चिन्ह व्यक्तीला मिळायचं, आडनावाला नाही.

एखाद्या मर्फीचं मूळ शोधायचं तर आधी टाउनलँड, म्हणजे वाडी किंवा शिवार, गाठावी लागते. नुसता 'कॉर्क' हा जिल्हा कळून काही उपयोग नाही. १९०१ आणि १९११ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे. त्याआधीच्या बहुतेक जनगणना उरलेल्या नाहीत. काही सरकारनेच नष्ट केल्या, काही १९२२मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या दप्तरखान्याबरोबर जळाल्या. म्हणून मागे जायला १८४७ ते १८६४ दरम्यानची ग्रिफिथची जमीन मोजणी-आकारणी चाळतात. तीत जमीन-घर खंडाने घेणाऱ्यांची नावं टाउनलँडनुसार आहेत, पण फक्त कुटुंबप्रमुखाची, बायकामुलं नाहीत. एकाच शिवारात चार जॉन मर्फी निघाले, तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत आईचं माहेरचं आडनाव जुळतं का ते पाहावं.