तुमचे प्रश्न : ‘ब्रुसेल्स’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : युरोपच्या बातम्यांत काही नेते ‘लोकानुनयी’ असतात आणि जाचक नियम ‘ब्रुसेल्स’ लादतं. खरं काय समजायचं?
— एक वाचक, परळ

उत्तर : दादरहून शेवटची लोकल गाठायच्या घाईत मी परदेशी बातम्यांचं भाषांतर करायचे. ‘पॉप्युलिस्ट’ दिसलं की हात आपोआप ‘लोकानुनयी’ लिहायचा. ते मला आज फार खटकतं. अनुनय म्हणजे मनधरणी. वाचकाने बातमी वाचण्याआधीच मी निकाल देऊन टाकत होते. तो नेता काय म्हणतो, तेच सरळ लिहायला हवं होतं.

‘ब्रुसेल्स’चंही तसंच. ब्रुसेल्स ही बेल्जियमची राजधानी; युरोपीय संघाची मुख्य कार्यालयं तिथे आहेत, म्हणून बातम्यांत संघालाच ‘ब्रुसेल्स’ म्हणतात. कायद्याचा प्रस्ताव संघाचा युरोपीय आयोग मांडतो, पण बहुतेक कायद्यांना युरोपीय संसद आणि मंत्रिपरिषद अशी दोघांची मंजुरी लागते. संसदेत थेट निवडून आलेले ७२० सदस्य, परिषदेत २७ सरकारांचे मंत्री. एखाद्या देशाचा मंत्रीच तिथे बाजूने मत देऊन मायदेशी परततो आणि मथळा म्हणतो, ‘ब्रुसेल्सने लादलं’! २३ जून २०१६ला ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, त्याआधी तिथल्या वाचकांनी असे मथळे वर्षानुवर्षं वाचले होते. म्हणून पुढची बातमी वाचताना आधी शोधा : मत कोणी दिलं?