उत्तर: स्टेजवर 'मोरेंनी' म्हणू की 'मोऱ्यांनी'?

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या ओपन माइकला (कोणीही स्टेजवर येऊन सादर करू शकतो असा कार्यक्रम) उड्या मारत आडनावांवर पाच मिनिटं विनोद करायचे आहेत, तर 'मोरेंनी' बरोबर की 'मोऱ्यांनी'?

जुन्या वळणाचं 'मोऱ्यांनी'. तसंच शिंद्यांनी, गोखल्यांनी, कुलकर्ण्यांनी. आता बोलण्यात आणि पेपरातही 'मोरेंनी', 'शिंदेंनी' सर्रास चालतं. पाटलांचं मात्र वेगळं. 'पाटीलांनी' अजूनही कानाला खटकतं, तिथे 'पाटलांनी'च म्हणा. देशमुख, शिरवाडकर अशा आडनावांना काही त्रास नाही: देशमुखांनी, शिरवाडकरांनी. मागे सर, बाई लावलं की आडनाव तसंच राहतं आणि प्रत्यय शेवटच्या शब्दाला लागतो: मोरेबाईंनी, पाटीलसरांनी.

पण तुम्हाला व्याकरणापेक्षा हशा हवा आहे ना? मग जुनं रूपच घ्या. 'गोऱ्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं' म्हटलं की अर्ध्या हॉलला इंग्रज दिसतात. 'गोरेंनी' म्हणालात तर विनोद तिथेच मेला! आणि आपल्याकडे वाघ आडनाव भरपूर. 'रात्री वाघांनी दार वाजवलं' एवढं म्हणून पंजानं हवेत दार खरवडा, बाकी काही बोलू नका.

एकच सांभाळा. 'मोऱ्यांनी'तला ऱ्य धापा टाकताना हमखास गिळला जातो. उडी आधी मारा, दोन्ही पाय टेकू द्या, श्वास घ्या, मग आडनाव. माइक स्टँडवरच ठेवा, नाहीतर वायर पायात येते.