विदेशी गुंतवणूक: पाकीट आले, विद्या किती आली?

परकीय गुंतवणूक आणि गावापर्यंत पोचणारे तंत्रज्ञान यावर वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

बीटी कपाशी विदेशी कंपनीच्या पैशाने आली. इतक्या वर्षांनंतरही बोंडअळीपुढे आम्ही हतबल. गुंतवणुकीबरोबर ज्ञान येते म्हणतात, ते कुठे अडले?
— एक कास्तकार, दारव्हा (जि. यवतमाळ)

बियाणे कंपन्यांच्या दारात अडले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोने जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीत २६ टक्के हिस्सा घेतला, दोघांची मिळून एक कंपनी झाली आणि मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली. पुढे परवाना घेऊन अनेक देशी कंपन्यांनी अळी मारणारे ते बीटी जनुक आपापल्या वाणांत उतरवले. मूळ वाणाशी पुन्हापुन्हा संकर करायचा, दर पिढीत जनुक तपासायचे, शुद्धता राखायची, हे त्यांचे पैदासकार शिकले. तेवढे हस्तांतर खरे आहे.

बांधावर मात्र नुसते पाकीट पोचले. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी सरकी वेगळी मिळायची. ती कडेने लावायची: पाच ओळी किंवा क्षेत्राच्या २० टक्के, जे जास्त असेल ते. त्या झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटी खाऊनही तगलेल्या मोजक्या पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी बीटीला बळी पडण्याजोगी राहते. कित्येकांनी ती सरकी फेकून दिली, कारण ती कशासाठी हे त्यांना समजावलेच गेले नाही. (विक्रेत्याला नफा पाकिटावर मिळतो, समजावण्यावर नाही.) त्यात गुलाबी अळी मुख्यतः कपाशीवरच जगते, हिरव्या अळीसारखी तूर-हरभऱ्यावर जात नाही. फरदड (वेचणीनंतरही उभी ठेवलेली कपाशी) ठेवली की उन्हाळ्यापर्यंत तिच्यापुढे ताट वाढलेलेच. २००६ मध्ये आलेले दोन जनुकांचे बीजी-२ ही तिने पचवले आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याला मोठा फटका बसला.

पैशाचा हिशेबही बघा. बीजी-२ च्या पाकिटामागे तंत्रज्ञान शुल्क २०१६ मध्ये ४९ रुपये होते, २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य. ते शुल्क वापरण्याचे होते, शिकवण्याचे नव्हे. बियाणे संकरित असल्याने दरवर्षी नवे घेणेही सुटले नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत ‘बिकानेरी नरमा’ या सरळ (घरचे बियाणे पुन्हा पेरता येईल अशा) वाणाचे बीटी रूप काढले होते. त्यात मोन्सँटोच्याच जनुकाचे अंश सापडले आणि २००९ मध्ये बाजारात आलेले हे वाण लगेच मागे घ्यावे लागले.

आता हातात आहे ते एवढेच. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा फुले-बोंडे किडलेली दिसली, तरच फवारा. डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुले) दिसताच तोडून नष्ट करा. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून रान मोकळे करा.

विदेशी भागीदारीतली एक रस कंपनी आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडून बारीक संत्री घेणार म्हणते, प्रशिक्षणही देणार म्हणते. करारात काय लिहून घ्यावे?
— संचालक, वरुड (जि. अमरावती)

‘प्रशिक्षण देऊ’ या दोन शब्दांवर सही करू नका. किती दिवस, कोणत्या महिन्यात, कोण शिकवणार आणि तुमची किती माणसे कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसणार, हे आकड्यांत लिहून घ्या. खरी विद्या तपासणीच्या टेबलावर असते.

नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, पण काही तासांनी कडवट होतो. गाळताना बी किंवा पापुद्रा चिरडला, की लिमोनिन नावाचे कडू द्रव्य तयार होते. उष्णतेने ते आणखी लवकर होते. अपक्व फळात हा दोष जास्त. वाटीभर रस तापवून, झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखा. माल नाकारण्याचे कारण बहुधा तिथेच सापडेल. म्हणून कडवटपणा कधी आणि कोणत्या पद्धतीने तपासणार हे करारात हवे, आणि प्रत्येक गाडीच्या अहवालाची प्रत तुम्हाला मिळायला हवी.

ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायला स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर ठेवा. रोज सकाळी डिस्टिल्ड पाण्यावर तो शून्य दाखवतो का ते पाहा. साध्या उपकरणावर तापलेल्या रसाचा आकडा खरा असतो त्याहून कमी येतो, म्हणजे नुकसान तुमचेच. नाकारलेला माल दुसरीकडे विकण्याची मोकळीक लिहून घ्या.

कंपनी कलमे पुरवणार असेल तर आणखी सावध राहा. २०१९ मध्ये पेप्सिकोने आपल्या नोंदणीकृत बटाटा वाणासाठी गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले आणि टीका झाल्यावर मागे घेतले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार बियाणे राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. करारातल्या एखाद्या ओळीने हा हक्क सोडून देऊ नका.

नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात विदेशी कंपन्या आल्या. आमच्या आयटीआयच्या पोट्ट्यांना त्यातून काय?
— वाचक, देवळी (जि. वर्धा)

कारखाना जवळ असला म्हणून काही झिरपत नाही. १९७६ ते १९८९ च्या व्हेनेझुएलातल्या कारखान्यांच्या अभ्यासात, विदेशी गुंतवणूक वाढली तिथे त्याच धंद्यातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता घटलेली दिसली. लिथुआनियातल्या २००४ च्या अभ्यासात फायदा दिसला तो माल पुरवणाऱ्यांना, तोही देशी-विदेशी भागीदारीतल्या कंपन्यांकडून. पूर्ण विदेशी मालकीच्या कंपन्यांकडून नाही.

तेव्हा पुरवठादार व्हा. छोट्या वर्कशॉपचे गाडे बहुधा दरावर अडत नाही, मापाच्या कागदावर अडते. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचता यायला हवे, मायक्रोमीटर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून ठरल्या मुदतीत तपासून घेतलेला हवा, आणि पहिल्या नगाच्या प्रत्येक मापाची लेखी नोंद हवी. हे नसेल तर नमुना कितीही सुबक असला तरी ऑर्डर मिळत नाही.

विदेशी कंपनी आमच्या शेतात कापूस किंवा सोयाबीन पिकवू शकते का?
— वाचक, मूर्तिजापूर (जि. अकोला)

नाही. बियाणे, नियंत्रित वातावरणातली फुले-भाजीपाला-फळे, पशुपालन, मत्स्यपालन आणि शेतीला लागणाऱ्या सेवा यांत १०० टक्के विदेशी गुंतवणूक चालते, चहा-कॉफीसारख्या मळ्यांतही चालते. कापूस-सोयाबीनसारखी उघड्या रानातली शेती त्यात बसत नाही.